देवापुढे नम्र होण्याचा रोजचा सराव: सकाळच्या प्रार्थनेपासून मंडळीच्या कामापर्यंत

लूककृत शुभवर्तमानाच्या 18व्या अध्यायात मंदिरात प्रार्थना करायला गेलेला परूशी, म्हणजे धर्मशास्त्र काटेकोरपणे पाळणाऱ्या यहूदी पंथाचा माणूस, खोटे बोलत नव्हता, ही गोष्ट आपल्या सहसा लक्षात येत नाही. तो आठवड्यातून दोनदा उपास करत असे, आपल्या सगळ्या मिळकतीचा दशमांश देत असे, आणि त्याच्या प्रार्थनेची सुरुवातसुद्धा देवाचे आभार मानूनच झाली होती. तरीही नीतिमान ठरून घरी गेला तो दूर उभा राहून, ऊर बडवत, ‘हे देवा, मज पाप्यावर दया कर’ एवढेच म्हणणारा जकातदार, म्हणजे लोक ज्याला पापी समजत असा कर गोळा करणारा. परूश्याची प्रार्थना बिघडली ती एकाच जागी: देवासमोर उभा असताना त्याची नजर शेजारच्या माणसाकडे वळली आणि स्वतःचे माप त्याने त्या माणसावरून घेतले. माणसांशी तुलना करत राहिले की आपल्यापेक्षा खालचा कोणीतरी सापडतोच, आणि मग उपास, दशमांश, उपासनेतली हजेरी हे सगळे आपल्याच बाजूचे पुरावे होऊन बसतात.

काही जण जन्मतःच मवाळ बोलतात, काहींचा आवाज चढा असतो. त्यावरून कोण देवापुढे नम्र आहे हे ठरत नाही. ‘मी मनाचा सौम्य व लीन आहे’ असे सांगणाऱ्या प्रभू येशूने त्याच वाक्यात ‘माझ्यापासून शिका’ असेही म्हटले आहे (मत्तय 11:29). जे शिकता येते त्याचा सरावही करता येतो, आणि सरावाला दिवसाची ठरलेली वेळ, ठरलेली कृती आणि चुका सुधारण्याची तयारी लागते. पुढे दिलेली पावले एकाच आठवड्यात सगळी उचलायची नाहीत. एक पाऊल अंगवळणी पडले की दुसरे घ्यावे.

दिवसाची सुरुवात

पहिले पाऊल म्हणजे सकाळी फोन हातात घेण्याआधी देवासमोर जाणे. आपल्यापैकी बहुतेकांची प्रार्थना मागण्यांनी सुरू होते आणि मागण्यांवरच संपते, त्यामुळे देव कोण आहे हे आठवण्याआधीच आपण त्याला आपली यादी वाचून दाखवलेली असते. म्हणून पहिली पाच-सात मिनिटे काहीही मागू नये. एक स्तोत्र मोठ्याने वाचावे आणि ते देवाविषयी काय सांगते एवढेच पाहावे; ‘यात माझ्यासाठी काय आहे’ हा प्रश्न नंतरसाठी ठेवावा. स्तोत्र 8, 90, 95, 103, 131 आणि 139 ही सहा आलटून पालटून वाचली तरी पुष्कळ दिवस पुरतात. त्यांतले 131वे केवळ तीन वचनांचे आहे, तेव्हा ज्यांना पहाटे कामावर निघायचे असते त्यांनी त्याच्यापासूनच सुरुवात करावी.

शरीरालाही या सरावात सामील करून घ्यावे. जुन्या करारातला दानिएल 120 सुभेदारांवर नेमलेल्या तीन अध्यक्षांपैकी एक होता, म्हणजे आजच्या भाषेत फार मोठा अधिकारी होता, आणि तरीही तो दिवसातून तीनदा गुडघे टेकत असे. प्रेषित पौलाने मिलेत येथे इफिसच्या मंडळीच्या वडीलजनांबरोबर गुडघे टेकून प्रार्थना केली, आणि गेथशेमाने बागेत स्वतः प्रभूने गुडघे टेकले. ज्याला दिवसभर कोणापुढे वाकावे लागत नाही, ज्याच्या हाताखाली माणसे काम करतात, त्याने तर हे पाऊल टाळूच नये. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी खुर्चीत बसून, तळहात उघडे ठेवून प्रार्थना करावी. देवाला आपल्या सांधेदुखीची कल्पना आहे.

यानंतर दिवसाची कामे एकेक करून देवासमोर ठेवावीत: अकराची मीटिंग, बँकेतले काम, मुलीची परीक्षा, सासूबाईंची औषधे. याकोबाच्या पत्राच्या 4थ्या अध्यायात ‘आज किंवा उद्या अमुक शहरी जाऊ, तेथे वर्षभर व्यापार करू आणि पैसा मिळवू’ असे ठरवणाऱ्यांना, ‘प्रभूची इच्छा असेल तर’ असे म्हणायला शिकवले आहे. हे शब्द निरोपाच्या शेवटी जोडायला फार सोपे आहेत. ते मनापासून म्हटले होते की नाही, याची परीक्षा दुपारी होते. ठरलेला बेत मोडला, साहेबांनी रजा नाकारली, पाहुणे अचानक आले, तेव्हा आपला तोल जातो का? सकाळी ज्या कामाचे नाव घेऊन ते देवाच्या हाती दिले, ते त्याने आपल्या मनासारखे होऊ दिले नाही, तर त्याच जागी थांबून ‘हा दिवसही तुझाच आहे’ असे म्हणावे. हा सराव दिसायला लहान आहे, पण मला तो या संपूर्ण लेखातला सर्वांत उपयोगी वाटतो, कारण आपला अभिमान मोठ्या प्रसंगांपेक्षा अशा मोडलेल्या बेतांतच अधिक वेळा उघडा पडतो.

पापकबुली नेमकी असावी

उपासनेत सगळ्या मंडळीने, म्हणजे चर्चमध्ये जमलेल्या सगळ्यांनी, मिळून केलेली पापकबुली मोलाची आहे, कारण तिथे पाळकसाहेब, कमिटीचे सभासद आणि शेवटच्या बाकावरचा पाहुणा एकाच सुरात एकच वाक्य म्हणतात. पण ‘विचाराने, शब्दाने आणि कृतीने मी पाप केले आहे’ हे वाक्य रविवारी म्हणून झाले की सोमवारी नेमके कोणते पाप, हे मात्र आपण स्वतःलाही सांगत नाही. म्हणून रात्री निजण्यापूर्वी दिवस तासातासाने आठवावा आणि निदान एक प्रसंग नावानिशी देवापुढे मांडावा.

‘प्रभू, मला फार राग येतो, क्षमा कर’ ही कबुली अजून अर्धवट आहे. ‘आज सकाळी कामाला येणाऱ्या मावशींना उशीर झाला, तेव्हा मी जिन्यात, शेजाऱ्यांच्या देखत त्यांचा पाणउतारा केला, त्यांच्या मुलाला ताप होता हे मी विचारलेसुद्धा नाही’ ही पूर्ण कबुली आहे, कारण तिच्यात कृती आहे, माणूस आहे, आणि ‘पण’ नाही. स्तोत्र 51 असेच लिहिलेले आहे. त्यात दावीद राजाने आपल्या पापासाठी परिस्थितीचे कारण दिलेले नाही, दुसऱ्या कोणाचे नाव पुढे केलेले नाही. आपल्या कबुलीत ‘पण’ आला की तिथे थांबावे आणि ते वाक्य पुन्हा म्हणावे.

यापुढचे पाऊल माणसाकडे जाण्याचे आहे. वेदीपाशी अर्पण आणले असता आपल्या भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे असे आठवले, तर अर्पण तिथेच ठेवून आधी त्याच्याशी समेट करायला प्रभूने सांगितले आहे (मत्तय 5:23-24). त्यामुळे मावशींची क्षमा दुसऱ्या दिवशीच, त्याच जिन्यात आणि शक्य तर त्याच शेजाऱ्यांच्या देखत मागावी. ‘तुम्हाला वाईट वाटले असेल तर माफ करा’ असे म्हणू नये. त्या ‘तर’मुळे सगळा दोष समोरच्याच्या मनावर ढकलला जातो. ‘मी तुमच्याशी चुकीचे वागले, मला क्षमा करा’ एवढे पुरे. पैशाचा प्रश्न असेल तर पैसे परत करावेत. जक्कय या जकातदाराने अन्यायाने घेतलेले चौपट परत करण्याचे वचन दिले, नुसते रडून तो मोकळा झाला नाही.

आणि कबुली दिल्यावर क्षमा मिळाली आहे यावर विश्वास ठेवावा. योहानाच्या पहिल्या पत्रात (1:9) दिलेले वचन विश्वासू आणि न्यायी देवाचे आहे. तेच पाप रोज रात्री उकरून काढणे वरून लीनतेसारखे दिसते, पण प्रत्यक्षात ते वधस्तंभावर झालेले काम अपुरे मानणे आहे.

कोणी चूक दाखवली तर

जुन्या करारातले दोन राजे शेजारी ठेवून पाहावेत. उज्जीया सोळाव्या वर्षी गादीवर आला आणि त्याने 52 वर्षे राज्य केले. त्याने पलिष्ट्यांवर विजय मिळवला, यरुशलेमेत बुरूज बांधले, पुष्कळ विहिरी खोदल्या. त्याला शेतीची आवड होती. इतिहासाच्या दुसऱ्या पुस्तकाचा 26वा अध्याय सांगतो की तो बलवान झाल्यावर त्याचे मन उन्मत्त झाले आणि जे काम केवळ याजकांचे होते ते करायला, म्हणजे धूप जाळायला, तो मंदिरात शिरला. अजऱ्या याजक आणि त्याच्याबरोबरचे 80 याजक आडवे आले, तेव्हा तो हातात धुपाटणे धरून संतापला, आणि त्याच क्षणी त्याच्या कपाळावर कोड उठले. दाविदाचे पाप याहून कितीतरी जड होते: परस्त्रीगमन आणि त्या स्त्रीचा नवरा उरीया याचा घडवून आणलेला मृत्यू. नाथान संदेष्ट्याने गरिबाच्या मेंढीची गोष्ट सांगून ‘तो मनुष्य तूच आहेस’ असे म्हटले, तेव्हा दाविदाच्या तोंडून एकच वाक्य निघाले: मी परमेश्वराविरुद्ध पाप केले आहे. पापाच्या आकाराने या दोघांची वाट वेगळी झाली नाही. कोणी आडवे आले तेव्हा एकजण चिडला आणि दुसरा वाकला.

आपल्या आयुष्यात नाथान बहुधा बायकोच्या, नवऱ्याच्या, वयात आलेल्या मुलाच्या किंवा तरुण संघातल्या एखाद्या विशीतल्या पोराच्या रूपाने येतो. अशा वेळी समोरच्याचे बोलणे मध्येच न तोडता पूर्ण ऐकावे, मग ‘नेमके कधी आणि काय झाले’ एवढेच विचारावे आणि तिथेच थांबावे. त्याच तासाला खुलासा देऊ नये, आणि मंडळीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तर मुळीच देऊ नये, कारण तिथे दिलेला खुलासा देवासाठी नसतो, बघ्यांसाठी असतो. ती गोष्ट प्रार्थनेत न्यावी, स्तोत्र 139 ची शेवटची दोन वचने म्हणावीत आणि दोन-तीन दिवसांत त्या माणसाला स्वतःहून भेटून, आपल्याला काय पटले ते सांगावे. सगळे पटलेच पाहिजे असे नाही. पण जेवढे खरे आहे तेवढे, ते सांगणाऱ्याचा हेतू चांगला नसला तरी, घ्यावे.

ज्यांना वचनाचे ज्ञान अधिक आहे त्यांना हे विशेष जड जाते. नव्या करारातला प्रचारक अपुल्लो शास्त्रात निपुण होता, वक्ता होता, आणि त्याला देवाचा मार्ग अधिक नीट समजावून सांगितला तो तंबू शिवून पोट भरणाऱ्या प्रिस्किल्ला आणि अक्विला या जोडप्याने. त्याने तो ऐकून घेतला, म्हणूनच पुढे अखया प्रांतातल्या विश्वासणाऱ्यांना त्याचा मोठा उपयोग झाला.

जुन्या ख्रिस्ती माणसाची अडचण

पंडिता रमाबाईंना 1878 मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. 1883 मध्ये इंग्लंडमध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढे त्यांनी आपल्या साक्षीत लिहिले की बाप्तिस्म्यानंतरची काही वर्षे त्यांना ख्रिस्ती धर्म सापडला होता, पण त्या धर्माचे जीवन असलेला ख्रिस्त सापडला नव्हता. बुद्धीने पटलेल्या धर्मापलीकडे जाऊन, एक पापी म्हणून तारणाऱ्याकडे यावे लागेल हे त्यांना नंतर उमगले. पदव्या, परदेशातले नाव आणि विधवांसाठी काढलेल्या शारदा सदनाचे काम हाती असताना त्यांनी हे मान्य केले, हे मला त्यांच्या कोणत्याही कार्याइतकेच मोठे वाटते. नंतर केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचे मराठी भाषांतर केले, ते खेड्यातल्या साध्या बायकांना कळावे अशा भाषेत. त्यांचे निधन 1922 मध्ये झाले आणि संपूर्ण बायबल 1924 मध्ये प्रसिद्ध झाले. संस्कृत मुखोद्गत असलेल्या स्त्रीने आपली विद्वत्ता कुठे खर्च केली, हे बायबल अभ्यास घेणाऱ्या प्रत्येकाने ध्यानात ठेवावे.

जे तिसऱ्या-चौथ्या पिढीचे ख्रिस्ती आहेत, ज्यांच्या आजोबांचे नाव देवळाच्या जुन्या नोंदवहीत आहे, त्यांनी वर्षातून एकदा तरी ‘मला नुसता धर्म सापडला आहे की ख्रिस्त?’ हा रमाबाईंच्या साक्षीतला प्रश्न स्वतःला विचारावा. सरावाचा मार्ग सोपा आहे: उपासनेचा संदेश ऐकताना ‘हे अमक्याला लागू पडते’ असा विचार आला की तो बाजूला सारून, त्या संदेशातले एक वाक्य स्वतःसाठी लिहून घ्यावे.

सेवा, देणगी आणि नाव

योहानाच्या 13व्या अध्यायात येशूने शिष्यांचे पाय धुतले, आणि त्याच्या आधीचे वचन सांगते की पित्याने सगळे आपल्या हाती दिले आहे, आपण देवापासून आलो आणि देवाकडे जात आहोत, हे त्याला ठाऊक होते. ज्याला आपली जागा ठाऊक आहे त्यालाच पाय धुण्याचे घंगाळ उचलता येते. ज्याला ती ठाऊक नसते तो खुर्ची धरून बसतो. ज्या पायांवरून पाणी ओतले गेले त्यांत विश्वासघात करणाऱ्या यहूदाचेही पाय होते.

आपल्याकडे या शिकवणीची कसोटी हंगामाच्या उपकारस्तुतीच्या दिवशी लागते. गव्हाचे पोते, नारळ, कोंबडी, घरी केलेला केक यांचा लिलाव होतो, बोली चढत जाते, माइकवरून नाव पुकारले जाते आणि टाळ्या पडतात. लिलावात उत्साह असतो, मंडळीला निधीही मिळतो, आणि मी त्याच्या विरोधात नाही. परंतु माइकवर आपले नाव चुकीचे घेतले गेले किंवा राहून गेले तर मन किती वेळ खट्टू राहते, हे प्रत्येकाने पाहावे. ज्या बाईने शंभर रुपयांचा नारळ घेण्याइतकेही पैसे नसताना मुकाट्याने अर्पणाच्या थैलीत दहाची नोट टाकली, तिच्याकडे प्रभू, मंदिराच्या दानपेटीत दोनच नाणी टाकणाऱ्या गरीब विधवेकडे पाहिले तसेच पाहतो. म्हणून जेवढे नाव पुकारून दिले तेवढेच, त्याच महिन्यात, कोणाला कळू न देता द्यावे: एखाद्या मुलाची फी, एखाद्याचे औषध. डाव्या हाताला कळू नये असे मत्तय 6:3 मध्ये जे म्हटले आहे, त्यात नवऱ्याला किंवा बायकोला सांगण्याची मुभा आहे असे मी मानतो, कारण घरखर्च दोघांचा असतो. त्यापलीकडे कोणालाही सांगू नये.

हेच श्रमाच्या बाबतीत करावे. उपासना संपल्यावर सतरंज्या गुंडाळणे, प्रभुभोजनाचे पेले धुणे, मुतारी स्वच्छ करणे ही कामे कमिटीच्या सभासदांनी आळीपाळीने घ्यावीत. आणि जो नेहमी दुसऱ्यांची सेवा करतो त्याने कधी सेवा करवूनही घ्यावी. येशू पाय धुवायला आला तेव्हा शिष्य पेत्राने ‘माझे पाय कधीच धुवायचे नाहीत’ असे म्हटले, तेव्हा प्रभूने त्याला शाबासकी दिली नाही. आजारपणात मंडळीतल्या कोणी डबा आणला तर ‘कशाला त्रास’ म्हणून परत पाठवू नये. आपण कोणाच्या उपकाराखाली नको, या भावनेतही अभिमान असतो.

जे नम्रता नव्हे

इथे मला थोडे सावकाश लिहायचे आहे, कारण या विषयाचा गैरवापर झालेला आहे. महाराष्ट्रातल्या अनेक ख्रिस्ती कुटुंबांच्या पूर्वजांना गावाने शतकानुशतके वेशीबाहेर ठेवले, पाणवठ्यावर येऊ दिले नाही, मान खाली घालून चालायला लावले. ते वाकणे त्यांनी देवापुढे निवडलेले नव्हते, माणसांनी लादलेले होते, आणि शुभवर्तमानाने त्यांना ताठ उभे राहायला शिकवले. अशा घरातल्या कोणाला ‘ख्रिस्ती माणसाने नम्र असावे’ असे सांगून अन्यायापुढे गप्प बसवणे हे देवाच्या नावाने केलेले पाप आहे. मारहाण सहन करणाऱ्या पत्नीला हेच सांगणे तितकेच मोठे पाप आहे. तिला सुरक्षित जागी नेणे, पोलिसांत तक्रार द्यायला सोबत जाणे हे मंडळीचे काम आहे.

पौलाचे उदाहरण इथे फार स्पष्ट आहे. फिलिप्पै शहरात त्याला आणि त्याचा सोबती सीला याला चौकशी न करता फटके मारून तुरुंगात टाकले. दुसऱ्या दिवशी अधिकाऱ्यांनी गुपचूप सोडून देण्याचा निरोप पाठवला, तेव्हा पौलाने, आम्ही रोमी नागरिक आहोत, त्यांनी स्वतः येऊन आम्हाला बाहेर न्यावे, असे ठणकावले (प्रेषितांची कृत्ये 16:37). पुढे याच शहरातल्या मंडळीला त्याने ते प्रसिद्ध वचन लिहिले, की ख्रिस्ताने स्वतःला रिक्त केले आणि वधस्तंभावरचे मरण सोसण्यापर्यंत तो आज्ञाधारक झाला. दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या, एकाच गावाच्या संदर्भातल्या आहेत, आणि त्यांच्यात विरोध नाही.

जातीचा अभिमान मात्र बाप्तिस्म्याच्या पाण्यात सगळ्यांचाच बुडालेला नाही. लग्न जुळवताना ‘मूळचे कोण’ ही चौकशी आजही होते. ज्या घरी ती होते त्या घराने सकाळच्या प्रार्थनेत आधी हीच गोष्ट देवापुढे ठेवावी आणि पुढच्या स्थळाच्या वेळी तो प्रश्न विचारू नये.

स्वतःला सतत कमी लेखणे हीसुद्धा नम्रता नव्हे. कोणी आपल्या गाण्याची स्तुती केली तर ‘छे, माझ्यात काय आहे’ असे म्हणून दुसऱ्यांदा स्तुती काढून घेण्यापेक्षा ‘धन्यवाद, देवाने दिले आहे’ असे म्हणावे आणि विषय बदलावा. तुझ्याजवळ जे आहे त्यातले काय तुला मिळालेले नाही, हा पौलाचा प्रश्न (1 करिंथकरांस 4:7) देणगी नाकारायला सांगत नाही, देणाऱ्याचे नाव घ्यायला सांगतो.

घरातली प्रार्थना

संध्याकाळची कौटुंबिक प्रार्थना ज्या घरात होते तिथे या सरावाला तयार जागा मिळते, आणि ज्या घरात होत नाही तिथे आठवड्यातून दोन दिवसांनी सुरुवात करावी. प्रार्थना नेहमी घरातल्या कर्त्यानेच चालवू नये. एक दिवस सर्वांत लहान मुलाने वचन निवडावे आणि मोठ्यांनी ते निमूट ऐकावे, जरी त्याने सलग तीनदा नोहाच्या तारवाचीच गोष्ट निवडली तरी. महिन्यातून एकदा प्रत्येकाने घरातल्या एखाद्याची, त्याचे नाव घेऊन, क्षमा मागावी, आणि त्यात पहिला क्रम वडिलांचा असावा. मुलांनी बापाला चिडलेले पाहिलेले असते, थकलेले पाहिलेले असते, मंडळीत भाषण करताना पाहिलेले असते. ‘काल मी तुझ्यावर विनाकारण ओरडलो, देवा, मला क्षमा कर, आणि बाळा, तूही कर’ असे म्हणताना मात्र त्यांनी त्याला क्वचितच पाहिलेले असते. ज्या वडिलांना हे फार अवघड वाटते त्यांनी आधी आपल्या पत्नीपाशी, दोघेच असताना, हे वाक्य म्हणून पाहावे आणि मग मुलांसमोर म्हणावे. मुलाने उत्तर दिले नाही, लाजून खाली पाहिले, तर त्याला बोलते करण्याचा आग्रह धरू नये. प्रभूची प्रार्थना सगळ्यांनी मिळून म्हणावी आणि जेवायला बसावे.